नाव जवानाचे, घर कोणाचे?

दर वर्षी २६ जुलै आला, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर बर्फात उभ्या असलेल्या जवानांची चित्रे येऊ लागतात. 'हे जागे आहेत म्हणून आपण झोपतो' असा मजकूर खाली असतो. भाचे, पुतण्या, सुना सगळे हात जोडतात. मीही जोडते. त्या चित्रांबद्दल माझी तक्रार नाही. कारगिलच्या उंचीवर आपली मुले लढली, मेली, हे खरे आहे आणि त्याची आठवण ठेवलीच पाहिजे. पण मला दर वर्षी एकच प्रश्न पडतो, आणि तो विचारला की ग्रुपवर सगळे गप्प होतात. जागा राहणारा हा माणूस नोकरी संपल्यावर स्वतः कुठे झोपतो? आणि तो जागा होता तेव्हा त्याची बायकापोरे कुठे झोपत होती?

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधताना माणसाचे काय काय निघते, हे बांधणाऱ्यालाच कळते. सैनिकाच्या बाबतीत तर बांधायला तो जागेवरच नसतो. म्हणून त्याच्यासाठी दुसरे कोणीतरी बांधायला पुढे येते. आणि माझे म्हणणे असे आहे, की आपल्या राज्यात सैनिकाच्या नावाने घरे बांधायला जे जे पुढे आले, त्यांनी फलकावर त्याचे नाव घातले, पण नकाशा काढताना त्याला विचारले नाही. आणि त्याच्या बायकोला तर मुळीच नाही.

सगळ्यात मोठे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत कुलाब्याला 'आदर्श' नावाची ३१ मजली इमारत उभी राहिली. कारगिलच्या वीरांसाठी आणि वीरपत्नींसाठी ही घरे, असे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. २०१० साली सभासदांची यादी बाहेर आली तेव्हा त्यात मोठे लष्करी अधिकारी, सनदी अधिकारी, राजकारण्यांचे नातेवाईक अशी मंडळी निघाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पुढे चौकशी आयोग बसला. आयोगाने सांगितले, की जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलच्या वीरपत्नींसाठी राखीव नव्हतीच! एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाडकाम थांबवून इमारतीचा ताबा केंद्राकडे द्यायला सांगितले.

पुष्कळ लोक 'आदर्श'कडे भ्रष्टाचाराचे प्रकरण म्हणून बघतात. मला त्यात दुसरेच दिसते. समजा, सगळे अगदी सचोटीने झाले असते, यादीत एकूण एक वीरपत्नीच असत्या, तरी भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या वीरपत्नीने कुलाब्याच्या विसाव्या मजल्यावर जाऊन काय केले असते हो? तिची दोन एकर कोरडवाहू इकडे, सासू इकडे, मुलांची शाळा इकडे. तिला समुद्र बघायचा नव्हता. तिला पाऊस आत न येणारे छप्पर हवे होते आणि 'खोली खाली करा' असे कोणी म्हणणार नाही याची खात्री हवी होती. हे विचारले कोणी? कोणीच नाही. म्हणजे भ्रष्टाचार यादीत नंतर शिरला, चूक नकाशात आधीच होती.

आता सरळ मार्गाने चालणाऱ्या व्यवस्थेकडे येऊ. सैन्याची स्वतःची गृहनिर्माण संस्था आहे, आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन. १९७८ साली स्थापन झाली. ना नफा ना तोटा तत्त्वावर ती कार्यरत आणि निवृत्त सैनिकांसाठी, विधवांसाठी घरे बांधते. पुण्यात कोंढव्याजवळचे साळुंखे विहार हे तिचेच काम. संस्थेच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण घराचे पैसे सभासदानेच हप्त्याहप्त्याने भरायचे असतात, आणि घरे बहुतेक मोठ्या शहरांत. मंठ्याच्या किंवा जाफराबादच्या शिपायाला पुण्यातला फ्लॅट म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि उंच इमारत म्हणजे चांगले घर, हेही खरे नाही. याच संस्थेने कोचीला बांधलेले चंदर कुंज आर्मी टॉवर्स बघा. लोक राहायला गेले २०१८ मध्ये, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने त्यातले दोन टॉवर राहण्यास धोकादायक म्हणून पाडून पुन्हा बांधण्याचा आदेश दिला. आयुष्यभराची पुंजी घातलेल्या निवृत्त माणसांना सात वर्षांत पुन्हा बोचके बांधायची वेळ आली.

मग म्हणाल, गरिबांसाठी सरकारी घरकुल आहे की! आहे ना. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाटीवर १ लाख २० हजार रुपये मिळतात, घर कमीत कमी २५ चौरस मीटरचे. पण घरातल्या कोणाचे महिन्याचे उत्पन्न ठरावीक आकड्याच्या वर असेल, तर नाव बाद. आधी तो आकडा दहा हजार होता, आता पंधरा हजार आहे. शिपायाचे मूळ निवृत्तिवेतन वीस हजारांच्या आसपास जाते. म्हणजे घरकुलासाठी तो श्रीमंत ठरला आणि पुण्याच्या फ्लॅटसाठी गरीब. ना इकडचा, ना तिकडचा. गावातली माणसे त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, 'त्याला काय कमी, त्याला पेन्शन आहे, कँटीन आहे.' त्या पेन्शनीतून खोलीभाडे, दोन पोरांच्या फिया, म्हातारीचे औषध वजा करून बघा, मग काय उरते ते सांगा.

२०२० साली आपल्या राज्य सरकारने माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ केली. चांगले केले. मी त्या वेळी कौतुकही केले होते. पण घरपट्टी माफ व्हायला आधी घर लागते! ज्याला घरच नाही त्याने माफीचा कागद कुठल्या भिंतीला चिकटवायचा?

माझी एक विद्यार्थिनी आहे. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत होती, गणितात हुशार. लग्न झाले ते सैन्यातल्या मुलाशी. तो राजस्थानात, मग आसामात, मग काश्मिरात. कुटुंबाला बरोबर नेता येईल अशी क्वार्टर सतरा वर्षांत तीनच वर्षे मिळाली. मुले शाळेच्या वयाची झाली तशी ती खेड्यातून तालुक्याच्या गावी भाड्याने राहायला आली. अकरा वर्षांत सहा घरमालक. एकाला मुलांचा आवाज चालत नव्हता, एकाने पाण्याची मोटर दिवसातून दहाच मिनिटे चालवली, एकाला 'नवरा नसलेली बाई' घरात नको होती. नवरा सीमेवर उभा, आणि ही 'नवरा नसलेली'! मला म्हणाली, "बाई, त्यांच्या बदल्या वेगळ्या अन् माझ्या वेगळ्या. त्यांच्या सरकार करतंय, माझ्या घरमालक करतोय."

नवरा हवालदार होऊन चाळिशीच्या आत घरी आला. हातात थोडी रक्कम आली. हायवेजवळ 'जवानांसाठी खास सवलत' असा बोर्ड लावून एकाने प्लॉट पाडले होते. फाटकावर तिरंगा, शेजारी बंदुकीची प्रतिकृती. यांनी विसार भरला. पुढे कळले, की जमीन एन.ए. नाही, आणि सातबाऱ्यावर पाच भावांची नावे. विसारातले निम्मे परत आले, निम्मे बुडाले. आता तो एका कारखान्यावर रात्रपाळीचा वॉचमन आहे. देशाची राखण झाली, आता सळयांची राखण. कामाला मी कमी लेखत नाही, कष्टाचे काम आहे. पण हा माणूस वयाच्या चाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा शून्यापासून सुरू करतो आहे, हे आपण समजून घ्यावे.

इथे एक फरक ध्यानात घ्या. आम्ही शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. तोवर पंधरा-वीस वर्षे हप्ते भरून घर उभे झाले होते, शेजार जमला होता, वाण्याकडे वही होती. सैन्यातला शिपाई पंधरा वर्षांच्या नोकरीवर निवृत्तिवेतनाला पात्र होतो आणि पस्तीस ते चाळीस या वयात बाहेर पडतो. ज्या वयात माणूस घर बांधतो, ती सगळी वर्षे त्याने बराकीत काढलेली असतात. 'सैनिकालाच का? शेतकरी मरत नाही का? शिक्षकाला घर नको का?' असे विचारणाऱ्यांना माझे हे उत्तर आहे. शेतकऱ्यासाठीही भांडा, मी तुमच्याबरोबर येईन. पण सैनिकाकडून आपण त्याची घर बांधायची वर्षेच घेतली आहेत. ती फेडायची जबाबदारी घेणाऱ्याची.

ही तक्रार आजची नाही आणि एकट्या भारताचीही नाही. पहिले महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंडचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी शूरांना राहण्याजोगा देश घडवण्याचे वचन दिले. १९१९ साली त्यासाठी कायदा झाला, तीन वर्षांत पाच लाख घरे बांधायचे ठरले. १९२१ मध्ये खर्चाला कात्री लागली आणि दोन लाखांच्या थोडे वर घरांवर काम थांबले. युद्धाचा बिगुल वाजतो तेव्हा वचने स्वस्त असतात. गरज सरो, वैद्य मरो.

आपल्या जालन्यालाही फौजेची ओळख जुनी आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या आपल्याच जिल्ह्याच्या मातीत झाली. पुढे १८२७ मध्ये इंग्रजांनी जालन्याला छावणी वसवली. त्या काळी कंपनीच्या फौजेत साहेबांना बंगले असत, आणि देशी शिपायाने लायनीत आपली झोपडी आपणच उभारायची, त्यासाठी त्याला थोडा भत्ता मिळे. छावणी गेली, साहेब गेले, राज्य गेले. झोपडी शिपायाने स्वतः उभारायची ही रीत मात्र राहिली. भत्ता तेवढा बंद झाला.

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखी घरटी एक सैनिक देणारी गावे आपल्याकडे नाहीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आपल्याकडे या गावात एक, त्या गावात दोन असे माजी सैनिक विखुरलेले आहेत. त्यामुळे त्यांचा आवाज होत नाही. मतांच्या हिशेबात एकटा माणूस म्हणजे काहीच नाही. आणि म्हणूनच वसाहत खेड्यात होणार नाही आणि पुण्या-मुंबईत तर होऊच नये. ती व्हायला हवी तालुक्याच्या गावी. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा. आठ तालुके, आठ छोट्या वसाहती. तालुक्याच्या गावाहून शेत एसटीने गाठता येते, मुलांना हायस्कूल-कॉलेज मिळते, दवाखाना असतो, आणि माणूस आपल्या माणसांत राहतो.

वसाहत कशी असावी, याचा धडा मराठवाड्याइतका दुसऱ्या कोणाजवळ नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, जवळजवळ आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद अंगावर कोसळले. त्यानंतर ५२ गावे नव्या जागी उठवली. ज्याची जशी जमीन त्याप्रमाणे २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे दिली. काम मोठे होते, जगाने वाखाणले, आणि त्यातले पुष्कळ खरोखर वाखाणण्याजोगे होते. पण नव्या गावांचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, घरे लांब लांब, शेजारी कुठल्या कुठे गेलेला, जनावराला जागा नाही, चार बायकांनी बसायचा ओटा नाही. गाव गेले आणि कॅम्प आला, असे लोक म्हणू लागले. याउलट जिथे घरे दुरुस्त करायची होती, तिथे लोकांना हप्त्याने पैसे दिले आणि काम त्यांनीच करून घेतले. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावागावांतल्या बायकांना पुढे आणले. बायकांनी सिमेंट-वाळूचे प्रमाण शिकून घेतले, गवंड्याला जाब विचारला. ज्याला राहायचे त्याच्या हातात काम दिले, की घर त्याचे होते. हे आपल्याच विभागात, आपल्या डोळ्यांदेखत झालेले आहे. तरी आजही सैनिकांच्या वसाहतीचे काढलेले चित्र बघाल तर कमान, कारंजे, फाटकावर रणगाडा आणि सरळ रेषेत उभ्या पेट्या! ज्याने आयुष्य बराकीत काढले, त्याला म्हातारपणीही बराकच?

दुसरा धडा सोलापूरचा. तिथे कुंभारीला विडी कामगार बायकांच्या सहकारी संस्थेने, गोदूताई परुळेकरांच्या नावाने, दहा हजार घरे उभी केली. माजी आमदार नरसय्या आडम मास्तरांनी आणि त्यांच्या कामगार संघटनेने वर्षानुवर्षे मोर्चे काढून ते काम तडीस नेले. पैशांत वाटा तिघांचा : केंद्राचा, राज्याचा आणि त्या बाईचा. विड्या वळून जमवलेला बाईचा वाटा! पुढे रे नगरात ३० हजार घरांचे काम निघाले आणि त्यातली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. तुमचे राजकारण कुठलेही असो, मला त्याच्याशी कर्तव्य नाही. मला एवढेच दिसते, की हजार विड्यांमागे मोजकी मजुरी मिळवणाऱ्या बाईला जे जमले, ते देशाची सेवा केलेल्या माणसाच्या कुटुंबाला का जमू नये? जमत नाही, कारण सोलापूरच्या बायकांनी घर मागितले, आणि आम्ही सैनिकाला सत्कार देतो. शाल, श्रीफळ आणि फोटो. शालीचे छप्पर होत नाही.

आता माझे म्हणणे स्पष्ट मांडते. शिक्षिका आहे, त्यामुळे मुद्दे क्रमाने.

पहिला मुद्दा, घर बायकोच्या नावावर हवे. निदान दोघांच्या नावावर तरी हवेच हवे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. सैनिकाच्या घरात तर हे आणखी गरजेचे. नवरा नसताना घर तीच चालवते, तो गेला तर तीच उरते. नुसते त्याचे नाव असले, की दीर, पुतणे, सावकार सगळे हक्क सांगायला येतात.

दुसरा मुद्दा, घर विकता येऊ नये. म्हणजे बाजारात नाही. सोडायचेच असेल तर संस्थेला ठरलेल्या किमतीत परत द्यावे, आणि संस्थेने ते पुढच्या सैनिकाच्या कुटुंबाला द्यावे. ही एक अट घातली असती, तर कित्येक 'आदर्श' जन्मालाच आले नसते. ज्या घरात नफा नाही, त्या घराच्या यादीत मोठी माणसे नाव घालत नाहीत.

तिसरा मुद्दा, घर नोकरीतच मिळावे, निवृत्तीनंतर नव्हे. नवरा सीमेवर असताना बायकोला घर लागते. तेव्हा भाड्याने राहू द्या, भाड्यातला वाटा किमतीत जमा धरा, तो परत येईपर्यंत घर बऱ्यापैकी फिटलेले असेल.

चौथा मुद्दा, नकाशा. एक गुंठा जागा, त्यावर सुरुवातीला साडेचारशे फुटांचे घर, आणि जिना बाहेरून घेतलेला, म्हणजे पुढे जमेल तसा वर मजला चढवता येईल. पुढे ओटा, मागे न्हाणी आणि धुणे-भांड्याची जागा. आपल्या उन्हाळ्यात सिमेंटचा स्लॅब रात्री बारापर्यंत भाजतो, तेव्हा समोरासमोर खिडक्या हव्यात, वर चुन्याचा पांढरा हात हवा, आणि शक्य तिथे घरे एकमेकांना सावली देतील अशी हवीत. आपल्या जिल्ह्याची पाण्याची दैना २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्यांनी भोगली, म्हणून छतावरचे पाणी साठवायची टाकी पहिल्या दिवसापासून. काही घरांना पायरीऐवजी उतार आणि चाकाची खुर्ची जाईल एवढे रुंद दार. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या सैनिकांसाठी खडकीला पुनर्वसन केंद्र आहे. पण तिथून जो घरी येतो, त्याच्या घराचे दार कोण रुंद करणार? मधोमध एक मोठी खोली : सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचे काम, संध्याकाळी अभ्यासिका. एवढे पुरे. कारंजे नको.

पाचवा मुद्दा, फाटक नको. वसाहत गावाला चिकटून, गावात मिसळलेली असावी. दहा घरांत दोन घरे शहीद पोलिसांच्या कुटुंबांना, एसटीच्या निवृत्त कामगारांना द्यावीत, असेही मी म्हणेन. वेगळे काढलेले माणूस देवासारखे असो की अस्पृश्यासारखे, शेवटी एकटेच पडते.

'जमीन कुठून आणायची?' हा प्रश्न हमखास येतो. हिशेब करू या. शंभर घरांना शंभर गुंठे, म्हणजे अडीच एकर. रस्ते, नाली, शाळेची खोली, झाडे धरून पाच एकर. आठ तालुक्यांना मिळून चाळीस एकर. एवढी जागा अख्ख्या जिल्ह्यात सापडत नाही? समृद्धी महामार्गाला जमीन सापडली, ड्राय पोर्टला सापडली. त्या कामांना माझा विरोध नाही. पण त्यांच्यामुळे आजूबाजूच्या जमिनीचे भाव असे चढले, की शिपायाला गुंठाही परवडेना. मग त्याच्यासाठी चाळीस एकर काढून ठेवायची बुद्धी तेव्हाच व्हायला नको होती का?

दुसरा आक्षेप असा, की 'रोख पैसे द्या, जो तो आपले बघेल.' रोख पैशांचे काय होते ते वर सांगितले. बहिणीचे लग्न, भावाचे कर्ज, आणि हायवेचा तो प्लॉट. पंधरा वर्षे गावाबाहेर राहिलेल्या माणसाला तलाठी कोण, एन.ए. म्हणजे काय, कोणाचा शब्द खरा, हे ठाऊक नसते. तो शत्रू ओळखायला शिकलेला असतो, दलाल ओळखायला नाही.

आणि घाई करायला हवी, त्याचे कारण आणखी वेगळे आहे. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यातले पंचवीस टक्क्यांपर्यंत पुढे घेतले जाणार, बाकीचे घरी. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीला आणि २०२७ च्या सुरुवातीला भरतात. या मुलांना निवृत्तिवेतन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. एकरकमी साधारण पावणेबारा लाख मिळतील. वय बावीस-पंचवीस. आमच्या शाळेच्या मैदानावर पहाटे अंधारात धावणारी पोरे आहेत ही. 'माजी सैनिक' या शब्दाची व्याख्याच अशी झाली, की उद्या ही पोरे कुठल्याच यादीत बसणार नाहीत. फलकावरचे नावही गेले! म्हणून मी म्हणते, वसाहतीच्या नियमात 'ज्याने गणवेश घातला तो' असे सरळ लिहा. किती वर्षे घातला, ते भाड्याच्या हिशेबात बघा, दाराशी नको.

मंडळी, पुढच्या २६ जुलैला चित्र पाठवाल तेव्हा एक करा. आपल्या तालुक्यात राहणाऱ्या एका तरी सैनिकाच्या बायकोला विचारा, की घर कसे हवे. कागदावर लिहून घ्या. ओटा कुठे, न्हाणी कुठे, शेजारी कोण. मी माझ्या परीने पाच जणींकडून लिहून घेतले आहे, आणि पाचही जणींनी पहिली मागणी एकच सांगितली : "बाई, आतून कडी लावता यावी, अन् बाहेरून कुणी ती काढायला सांगू नये."

एवढे साधे मागणे आहे. ३१ मजले लागत नाहीत त्याला.